डेस्कटॉप ॲपमधला लोकल डेटाबेस कसा सांभाळायचा: नव्यांसाठी पायरी पायरीने

डेस्कटॉप ॲप बनवायला घेतलं की पहिले काही दिवस सगळा डेटा एका जेसन फाइलमध्ये टाकून काम भागतं. शे-दोनशे नोंदी असेपर्यंत काही जाणवत नाही, मग एक दिवस सेव्ह चालू असतानाच लाइट जाते, फाइल अर्धीच लिहिलेली राहते आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडतच नाही. असं एकदा झालं की माणूस डेटाबेसकडे वळतो, आणि डेस्कटॉपवर डेटाबेस म्हणजे बहुतेक वेळा एसक्यूलाइट. जावावाले एचटू किंवा डर्बी घेतात, मोठ्या डेटावर हिशोब आणि विश्लेषण करणारे डकडीबी घेतात, पण रोजच्या नोंदी ठेवणाऱ्या साध्या ॲपला एसक्यूलाइट पुरून उरतो. हा लेख त्याच्यावरच आहे.

रिचर्ड हिप यांनी तो २००० साली पहिल्यांदा बाहेर काढला, कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे म्हणजे लायसन्सची काही भानगडच नाही, आणि फायरफॉक्स नि क्रोम आपली हिस्टरी यातच ठेवतात. याला सर्व्हर नसतो. वेगळी सर्व्हिस नाही, पोर्ट नाही, पासवर्ड नाही, तुमच्या ॲपच्या प्रोसेसमध्येच एक लायब्ररी चालते आणि ती डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहिते. बस्स.

सुरुवात करायला म्हणूनच सोपं वाटतं. पण एक गोष्ट आधीच डोक्यात बसवून घ्या. सर्व्हरवरच्या डेटाबेसवर लक्ष ठेवायला कोणीतरी असतं, तो बॅकअप बघतो, डिस्क भरली का बघतो, काही बिघडलं तर रात्री उठून दुरुस्त करतो. तुमच्या ॲपची फाइल मात्र तुम्ही कधीच बघणार नाही अशा मशीनवर असणार आहे आणि तिथे डेटाबेस म्हणजे काय हे माहीत असलेलं कोणी नसणार, त्यामुळे तो माणूस जे जे करतो ते सगळं तुम्हाला आधीच कोडमध्ये लिहून ठेवायचंय. खालच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १: फाइल ठेवायची कुठे

माझ्या पहिल्या ॲपमध्ये मी डेटाबेसची फाइल ॲपच्या फोल्डरमध्येच ठेवली होती. पुढची आवृत्ती इन्स्टॉल करताना इन्स्टॉलरने जुनं फोल्डर उडवलं आणि त्यासोबत एका माणसाच्या चार महिन्यांच्या नोंदी गेल्या. त्याला फोनवर ते सांगताना काय वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

तर प्रोग्रॅमची जागा वेगळी आणि डेटाची जागा वेगळी. विंडोजवर युजरच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या ‘लोकल’ भागात आपल्या ॲपच्या नावाचं फोल्डर करा. ‘रोमिंग’ भागात नको, कारण ऑफिसच्या नेटवर्कवर ते फोल्डर लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरून इकडे तिकडे कॉपी होऊ शकतं आणि डेटाबेसला ते मानवत नाही. मॅकवर लायब्ररीमधलं ॲप्लिकेशन सपोर्ट, लिनक्सवर होम फोल्डरमधलं डॉट लोकल आणि त्यातलं शेअर. हे पाथ हाताने जोडत बसू नका, तुमच्या फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी फंक्शन असतंच. विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये तर ठेवूच नका, तिथे साध्या युजरला लिहायची परवानगीच नसते.

आणि नेटवर्क ड्राइव्हवर किंवा क्लाउडशी सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चालू डेटाबेस ठेवायचा नाही म्हणजे नाही. एसक्यूलाइट फाइल लॉकवर, म्हणजे एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणाऱ्या कुलपावर, विसंबून असतो आणि नेटवर्कवरचे लॉक कितीदा तरी नीट चालत नाहीत. सिंकवाला प्रोग्रॅम तर मधूनच अर्धवट अवस्थेतली फाइल उचलून नेतो. ‘दोन मशीनवर एकच डेटा पाहिजे’ अशी मागणी येतेच, पण त्याचं उत्तर शेअर केलेली फाइल हे नाहीये, तिथे सर्व्हरच लागतो.

पायरी २: कनेक्शन उघडलं की आधी चार ओळी

एसक्यूलाइटच्या काही सेटिंग ‘प्राग्मा’ नावाच्या कमांडने बदलतात. मी कनेक्शन उघडणारं एकच फंक्शन ठेवतो, सगळीकडून तेच बोलवायचं, आणि त्यात या चार गोष्टी असतात.

पहिली, फॉरेन कीज (एका टेबलमधली ओळ दुसऱ्या टेबलमधल्या ओळीशी बांधणारा दुवा) ऑन. तुम्ही टेबल बनवताना फॉरेन की लिहिली तरी एसक्यूलाइट ती मुळात तपासतच नाही, जुन्या ॲप्सना त्रास होऊ नये म्हणून ते बाय डिफॉल्ट बंद ठेवलंय. हे सेटिंग फाइलमध्ये साठत नाही, प्रत्येक कनेक्शनला नव्याने द्यावं लागतं. नवीन लोक इथे हमखास फसतात, एका ठिकाणी ऑन केलेलं असतं आणि दुसऱ्या कनेक्शनमधून बिनबापाच्या ओळी आत शिरत राहतात.

दुसरी, जर्नल मोड वॉल. वॉल म्हणजे राइट अहेड लॉग, २०१० साली ३.७.० आवृत्तीत आला. यात बदल आधी शेजारच्या एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जातात आणि नंतर मुख्य फाइलमध्ये ओतले जातात, त्यामुळे एकीकडे लिहिणं चालू असतानाही दुसरीकडे वाचणं अडत नाही. हे मात्र फाइलमध्ये कायमचं राहतं, एकदा दिलं की झालं.

तिसरी, बिझी टाइमआउट, ५००० मिलिसेकंद ठेवा. मूळ लायब्ररीत हा शून्य असतो, म्हणजे लॉक दिसला की जराही न थांबता एरर. पायथनचं मॉड्यूल आपणहून ५ सेकंद थांबतं, बाकी भाषांचं आपापलं वेगळं, म्हणून स्वतः लिहिलेलं बरं.

चौथी, सिंक्रोनस नॉर्मल. वॉलसोबत हे चालतं, लाइट गेली तर शेवटचे काही व्यवहार जाऊ शकतात पण फाइल बिघडत नाही. एकही नोंद गेलेली चालणार नसेल तर हेच सेटिंग ‘फुल’वर राहू द्या, थोडं हळू होईल इतकंच.

पायरी ३: टेबल

इथे फार वेळ घालवत नाही. एसक्यूलाइटचे टाइप ढिले आहेत, इंटिजरच्या कॉलममध्ये ‘बारा’ असा शब्द घातला तरी तो गुपचूप ठेवून घेतो. २०२१ च्या ३.३७.० पासून टेबलच्या शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहिता येतं, मग असं काही घातलं की एरर येते. नवीन ॲप असेल तर लिहाच. तारखेचा वेगळा टाइप नाही, त्यामुळे २०२४-०३-०९ अशा वर्ष-महिना-दिवस क्रमाने टेक्स्ट म्हणून ठेवा, सॉर्टिंग आपोआप बरोबर होतं. वेळ यूटीसीमध्ये. रकमा दशांशात ठेवू नका, सगळ्यात लहान एककात पूर्णांक म्हणून ठेवा. आयडीला ‘इंटिजर प्रायमरी की’ पुरतं, ‘ऑटोइन्क्रिमेंट’ बहुतेकांना लागत नाही.

पायरी ४: लिहिताना ट्रान्झॅक्शन

‘एसक्यूलाइट फार स्लो आहे’ अशी तक्रार करणाऱ्याचा कोड बघितला की जवळजवळ नेहमी एकच गोष्ट सापडते: लूपमध्ये एकेक इन्सर्ट आणि ट्रान्झॅक्शन (बरेच बदल एकत्र बांधून एकदम पक्के करणं) नाही. तुम्ही सांगितलं नाही तर प्रत्येक इन्सर्ट स्वतःचं वेगळं ट्रान्झॅक्शन करतो आणि प्रत्येक वेळी डेटा खरंच डिस्कवर पोचला का याची वाट बघतो. ७२०० आरपीएमची फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते, त्यामुळे तिच्यावर असे व्यवहार सेकंदाला काही डझनच होतात. तेच इन्सर्ट एका बिगिन आणि कमिटच्या मध्ये घातले तर साध्या मशीनवरही सेकंदाला ५० हजारांच्या वर जातात. एसएसडीवर फरक कमी वाटेल पण असतोच.

वेगापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे, एकत्र असायला हवेत असे बदल एकत्रच टाका. बिल आणि त्याच्या ओळी, दोन्ही जातील नाहीतर दोन्ही जाणार नाहीत. मधे काही फुटलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं आधीसारखं.

आणि युजरने टाइप केलेला मजकूर क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये कधीच चिकटवू नका. जागी प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि व्हॅल्यू वेगळी द्यायची. ‘लोकल ॲप आहे, कोण हॅक करणार’ असं म्हणतात लोक, पण हॅकर लागतच नाही, कोणीतरी नावात एक अवतरणचिन्ह टाकतो आणि सेव्ह बटण मरतं.

पायरी ५: पुढच्या आवृत्तीत टेबल बदलायचं आहे तेव्हा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक सोडतात आणि नंतर सगळ्यात जास्त पस्तावतात. तुमच्या मशीनवर तुम्ही टेबल डिलीट करून नवीन बनवता. युजरच्या मशीनवर त्यात त्याचा डेटा आहे. शिवाय सगळे एकाच आवृत्तीवर नसतात, कोणी पहिल्यावरून थेट सातव्यावर उडी मारतो.

एसक्यूलाइटने यासाठी फाइलच्या हेडरमध्येच एका आकड्याची जागा ठेवलीय, ‘युजर व्हर्जन’. हाही प्राग्मानेच वाचायचा आणि लिहायचा, प्रत्यक्ष लिहिताना दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर. नव्या फाइलमध्ये तो शून्य असतो. तुमच्या कोडमध्ये बदलांची एक यादी ठेवा, क्रमाने: १ म्हणजे पहिली टेबलं बनवणं, २ म्हणजे ‘फोन’ कॉलम जोडणं, ३ म्हणजे इंडेक्स, असं. ॲप चालू झालं की आकडा वाचा, समजा ४ आला आणि तुमच्या यादीत ७ पर्यंत आहे, तर ५, ६, ७ एकेक करून चालवा. प्रत्येक पायरी आणि तिचा नवा आकडा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. टेबलांची रचना बदलणंही एसक्यूलाइटमध्ये रोलबॅक होतं आणि हा आकडाही होतो, त्यामुळे मधेच मशीन बंद पडलं तरी फाइल एकतर ५ वर असेल नाहीतर ६ वर, मधे लटकलेली कधीच नाही. पायथन वापरत असाल तर इथे ‘एक्झिक्यूटस्क्रिप्ट’ जपून वापरा, ते आधीचं उघडं ट्रान्झॅक्शन कमिट करून मगच पुढे जातं, म्हणजे तुम्ही बांधलेलं संरक्षण नकळत सुटतं.

एकदा रिलीज झालेली पायरी पुन्हा कधीही बदलायची नाही. चुकली असेल तर ती तशीच ठेवून पुढच्या नंबरची दुरुस्तीची पायरी लिहा.

कॉलम जोडणं सोपं आहे, फक्त ‘नॉट नल’ असेल तर डिफॉल्ट द्यावा लागतो. कॉलमचं नाव २०१८ पासून बदलता येतं, काढून टाकता येतो २०२१ पासून. याहून मोठा बदल, म्हणजे टाइप किंवा अटी बदलायच्या असतील तर नवीन टेबल बनवायचं, डेटा कॉपी करायचा, जुनं काढायचं, नव्याला जुन्याचं नाव द्यायचं. याच्या आधी फॉरेन कीज ऑफ कराव्या लागतात आणि ते ट्रान्झॅक्शन सुरू व्हायच्या आधीच, आत केलं तर काही होत नाही आणि एररही येत नाही. कमिटच्या आधी फॉरेन की चेक चालवून बघा.

अजून दोन गोष्टी. मायग्रेशनच्या, म्हणजे या बदलांच्या पायऱ्या चालवायच्या, आधी फाइलची एक प्रत काढा (कशी, ते पायरी ८ मध्ये). आणि फाइलमधला आकडा तुमच्या यादीपेक्षा मोठा निघाला, म्हणजे युजरने नवीन आवृत्ती वापरून परत जुनी उघडली, तर साधा मेसेज दाखवून थांबा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

पायरी ६: ‘डेटाबेस इज लॉक्ड’

ही एरर प्रत्येकाला येते. वॉलमध्ये वाचणारे कितीही असू देत, लिहिणारा एका वेळी एकच. तेव्हा लिहिण्यासाठी एकच कनेक्शन ठेवा, एका बॅकग्राउंड थ्रेडवर, आणि सगळे बदल रांगेने त्याच्याकडे पाठवा. यूआयच्या थ्रेडवरून मोठी क्वेरी मारली तर विंडो गोठते ते वेगळंच.

टाइमआउट ठेवूनही लगेच एरर येत असेल तर ट्रान्झॅक्शन बघा: आधी सिलेक्ट करून नंतर त्यातच अपडेट करताय आणि मधल्या वेळात दुसऱ्याने लिहिलंय, असं असेल तर एसक्यूलाइट वाटच बघत नाही, कारण तुम्ही वाचलेलं चित्र जुनं झालेलं असतं. लिहायचं आहे हे माहीत असेल तिथे ‘बिगिन इमिजिएट’ने सुरुवात करा, म्हणजे लॉक आधीच मिळतो.

आणि डोकं खाजवत बसण्याआधी एकदा टास्कबार बघा. डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइटमध्ये तीच फाइल उघडून एखादा सेल बदललेला असतो आणि ‘राइट चेंजेस’ दाबायचं राहिलेलं असतं, तोपर्यंत ते ट्रान्झॅक्शन उघडंच असतं. तुमच्या कोडमध्ये काही चुकलेलंच नसतं.

पायरी ७: मराठी मजकूर शोधताना

आपण मराठीत ॲप बनवणार म्हणून हे मुद्दाम लिहितोय, इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही. ‘वाऱ्यावर’ हा शब्द टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. काही कीबोर्ड थेट ऱ देऊन पुढे हलन्त देतात, काही साधा र, हलन्त आणि मग न दिसणारं जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, ते देतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण फाइलमधले बाइट वेगळे, आणि एसक्यूलाइट बाइट बघतो. युजर म्हणतो ‘नाव समोर दिसतंय पण सर्चमध्ये येत नाही’, आणि तुम्ही तासभर क्वेरी तपासत बसता. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन केलं तरी ते न दिसणारं चिन्ह जात नाही. त्यामुळे सेव्ह करताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच साफ करणारं फंक्शन लावा, आधी एनएफसी आणि मग र-हलन्त-झेडडब्ल्यूजेचं ऱ-हलन्त.

क्रमवारीचंही तसंच आहे. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ जोडाक्षरं म्हणून क आणि ज मध्ये जाऊन बसतात. मराठी कोशासारखा क्रम हवा असेल तर स्वतःचं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) रजिस्टर करता येतं, पण मग तेच कोलेशन नसलेल्या टूलमध्ये त्या कॉलमवर सॉर्ट करताच एरर येते. मला एक वेगळा कॉलम ठेवून त्यात क्रमासाठीची की साठवणं जास्त सोयीचं वाटतं.

पायरी ८: बॅकअप

वॉल चालू असताना डिस्कवर एक फाइल नसते, तीन असतात. समजा तुमची फाइल ‘नोंदी.डीबी’ आहे, तर शेजारी ‘नोंदी.डीबी-वॉल’ आणि ‘नोंदी.डीबी-एसएचएम’ दिसतील. ताज्या नोंदी वॉलमध्ये असतात आणि ती साधारण १००० पानांची (पान म्हणजे फाइलचा एक ठरावीक तुकडा), म्हणजे ४०९६ बाइटच्या पानाने ४ एमबीच्या आसपास झाली की मुख्य फाइलमध्ये ओतली जाते, किंवा शेवटचं कनेक्शन नीट बंद झालं की.

आता हे बघा. माझं एक ॲप वापरणाऱ्या बाई लॅपटॉप कधी बंदच करायच्या नाहीत, झाकण मिटायचं आणि सकाळी उघडायचं. ॲप आठवडाभर चालूच. नोंदी लहान, त्यामुळे वॉल ४ एमबीपर्यंत पोचायचीच नाही. त्या दर शुक्रवारी अगदी नेमाने ‘नोंदी.डीबी’ पेन ड्राइव्हवर कॉपी करायच्या, बाकीच्या दोन फाइली कसल्या म्हणून सोडून द्यायच्या. मग लॅपटॉप बिघडला, पेन ड्राइव्हवरची फाइल नव्या मशीनवर उघडली, आणि शेवटच्या नऊ दिवसांतलं एकही नाव नाही. फाइल एकदम व्यवस्थित, कुठेही एरर नाही, फक्त नऊ दिवस नाहीत. त्यांनी त्यांच्या बाजूने काहीच चुकवलेलं नव्हतं. बॅकअपचं बटण मी द्यायला हवं होतं.

ते बटण असं करा. ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही कमांड २०१९ च्या ३.२७.० पासून आहे, तिला नव्या फाइलचा पाथ द्यायचा, ती चालू डेटाबेसमधून वॉलसकट सगळं घेऊन एक स्वच्छ, एकसंध फाइल बनवते. ॲप बंद करावं लागत नाही. दिलेल्या नावाची भरलेली फाइल आधीच असेल तर ती नकार देते, म्हणून तारखेचं नाव द्या. तयार झाल्यावर ती प्रत उघडून इंटेग्रिटी चेक (फाइल धड आहे का ते तपासणारा प्राग्मा) चालवा, ‘ओके’ आलं तरच युजरला ‘बॅकअप झाला’ म्हणून सांगा. ॲप सुरू होताना दिवसातून एकदा आपोआप हे करून शेवटच्या सात प्रती ठेवल्या तर अजून चांगलं. फक्त त्या त्याच डिस्कवर असतील तर डिस्क गेली की सगळंच जाईल, म्हणून बटणाने बाहेरही नेता आलं पाहिजे. ही बाहेर नेलेली प्रत मात्र क्लाउडच्या फोल्डरमध्ये बिनधास्त ठेवा, ती कोणी उघडून बसलेलं नसतं.

रिस्टोर करताना आधी सगळी कनेक्शन बंद, मग जुन्या तिन्ही फाइली एकत्र बाजूला हलवायच्या (डिलीट नाही), आणि मग बॅकअपची फाइल जागेवर. जुनी वॉल तिथेच राहिली आणि शेजारी दुसरीच मुख्य फाइल आली तर डेटाबेस बिघडू शकतो.

पायरी ९: फाइल फुगली, फाइल बिघडली

हजारो ओळी डिलीट केल्या तरी फाइल लहान होत नाही, मोकळी पानं पुढच्या नोंदींसाठी राखून ठेवली जातात. बहुतेक वेळा हे ठीकच आहे. खरंच जागा हवी असेल तर व्हॅक्यूम, पण त्याला मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, तेव्हा डिस्क भरलेल्या मशीनवर तेच सुचवू नका.

बिघडल्याची शंका आली तर पहिलं काम म्हणजे तिन्ही फाइलींची जशीच्या तशी प्रत काढणं, दुरुस्तीचे सगळे प्रयोग प्रतीवर. एसक्यूलाइटच्या कमांड लाइन टूलमध्ये ‘डॉट रिकव्हर’ आहे, ते जेवढं वाचता येईल तेवढं बाहेर काढतं. पण आधी बॅकअप बघा, त्यातून परत आणणं जवळजवळ नेहमीच सोपं पडतं.

रिलीजच्या आधी एक चाचणी नक्की करा. दहा हजार नोंदी टाकणारा लूप चालू करा आणि मधेच टास्क मॅनेजरमधून ॲप मारून टाका. परत उघडा, इंटेग्रिटी चेक चालवा, नोंदी मोजा, कमिट झालेल्या सगळ्या असल्या पाहिजेत आणि अर्धवट एकही नको. मग कालचा बॅकअप घ्या, ॲप कधीच इन्स्टॉल न झालेल्या दुसऱ्या मशीनवर न्या आणि तिथे तुमच्याच रिस्टोर बटणाने उघडून बघा.